कपड्यांच्या दुकानात आरएफआयडी: चिपळूण-खेडच्या दोन दुकानांसाठी सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चिपळूणला सासऱ्यांचं जुनं कापडदुकान आणि खेडला अलीकडे काढलेलं दुसरं, दोन्हीकडे मिळून साधारण १२ हजार पीस. बिलिंगला बारकोड आहे, तरी संगणक दाखवतो तो माल रॅकवर सापडत नाही आणि रॅकवर असतो तो संगणकात नसतो. मार्चअखेर दोन दिवस दुकान बंद ठेवून मोजणी करता आणि जून उजाडेपर्यंत आकडे पुन्हा बिघडतात. मुंबईच्या एका पुरवठादाराने आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींवर लांबून वाचता येणाऱ्या चिपच्या लेबलांचं, कोटेशन दिलंय: दोन्ही दारांना ती वाचणारं गेट, प्रत्येक पीसला टॅग (म्हणजे हे चिपचं लेबल) आणि सॉफ्टवेअर मिळून साडेसात लाख. सासरे म्हणतात, तेवढ्यात गणपतीचा माल भरू. तुम्हाला विचारायचंय ते हे: आरएफआयडी घ्यावं का, आणि घेतलं तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत टिकेल का?

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या कपड्यांच्या दुकानांत स्टॉक आणि मोजणीचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्या अनुभवावर सांगतो. घ्या, पण गेट नको, सगळ्या मालाला नको आणि गणपतीच्या तोंडावर तर अजिबात नको. टॅग वाचणारा, हातात धरायचा एक रीडर घ्या आणि रेडिमेडच्या विभागापासून सुरुवात करा. सासऱ्यांचं म्हणणंही एका बाजूने बरोबर आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी आकडा बिघडतो कुठे ते बघू, कारण कोटेशनमध्ये याबद्दल एक ओळही नसते. कपड्याच्या दुकानात मालाला दारं पुष्कळ. व्यापाऱ्याकडून गठ्ठा येतो, बिलावर 'कुर्ती, डिझाइन अमुक, २४ पीस' एवढंच असतं आणि घाईत साइझ-रंगाची फोड न करता इनवर्ड होतो, म्हणजे आवक म्हणून संगणकात चढतो. गिऱ्हाईक एल साइझ परत देऊन एक्सएल नेतं आणि काउंटरवरची मुलगी 'किंमत तीच आहे' म्हणून नोंद न करता बदलून देते. ओळखीच्या घरी चार साड्या पसंतीला जातात, दोन परत येतात, एकीचे पैसे येतात आणि चौथी कुणाच्या तरी लक्षात असते. पँट आल्टरेशनला टेलरकडे पडलेली असते. खेडहून फोन येतो, 'जीन्सचे ३४ चे सहा पाठवा', आणि ते कुणाच्या तरी बाइकवरून चलनाशिवाय जातात. लग्नाचा बस्ता बांधताना मानपानाच्या साड्यांत दोन जास्तीच्या जातात, दोन कमी लिहिल्या जातात. यातलं एकही दार टॅग बंद करत नाही. चूक होऊन आठवडा उलटायच्या आत ती दिसते, एवढंच टॅगमुळे होतं, आणि त्याची किंमत मोठी आहे.

किती मोठी, ते एका डिझाइनवर बघा. एक कुर्ती, पाच साइझ, चार रंग, म्हणजे दुकानदाराच्या दृष्टीने २० वेगळ्या वस्तू, आणि प्रत्येकीचे दोन-दोन पीस. मरून रंगाच्या एम साइझचे दोन्ही पीस नोंद न होता गेले तर संगणकात '२' तसाच राहतो. तो आकडा शून्य होत नाही, म्हणून खरेदीच्या यादीत ती वस्तू कधी येतच नाही. गिऱ्हाईक मागतं, मुली शोधतात, मिळत नाही, गिऱ्हाईक जातं, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. उलट बाजूला पोटमाळ्यावरच्या गठ्ठ्यात सहा पीस पडलेले असतात, संगणकात शून्य असतो, म्हणून तुम्ही तेच पुन्हा मागवता. तुमचे पैसे अडकतात ते या दोन ठिकाणी. चोरी त्या मानाने लहान. अमेरिकेत अर्कान्सा आणि पुढे ऑबर्न विद्यापीठातल्या आरएफआयडी प्रयोगशाळेने कपड्यांच्या दुकानांवर बरंच काम केलंय. तिथला नेहमी सांगितला जाणारा आकडा असा, की टॅगशिवाय साठ्याची अचूकता ६५ टक्क्यांच्या आसपास असते आणि टॅग लावून नियमित मोजलं तर ९५ च्या वर जाते. त्यातला 'नियमित मोजलं तर' हा भाग पुरवठादार गिळून टाकतात.

हे चालतं कसं? गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्याच जातीचा आहे. आत बॅटरी नसते. एक बारीक चिप आणि तिला चिकटलेली ॲल्युमिनियमची पातळ अँटेना, बस. रीडरच्या लहरींवरच ती जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. बारकोडला प्रत्येक पीस समोर धरावा लागतो. टॅग चार-पाच मीटरवरून, कपड्याच्या आडूनही वाचला जातो, आणि सेकंदाला शंभरावर टॅग वाचता येतात. बारकोडने एक माणूस तासाला दोन-अडीचशे पीस मोजतो, हातातल्या रीडरने तासाला काही हजार होतात. वर्षातून एकदाची मोजणी दर आठवड्याला परवडू लागते ती यामुळे. ताई, या यंत्राचा तुमच्या दुकानाला खरा फायदा हा एवढाच आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे. दर आठवड्याला मोजणार नसाल तर मात्र एक रुपयाही घालू नका.

कपड्यांतच हे का जमलं, त्याचाही एक इतिहास आहे. वॉलमार्टने २००३ साली आपल्या मोठ्या पुरवठादारांना सांगितलं होतं, की जानेवारी २००५ पासून खोक्यांना आणि पॅलेटना टॅग लावा. साबण-बिस्किटांच्या खोक्यांवर त्या खर्चाचा मेळ बसेना आणि ती योजना मागे पडली. मग २०१० च्या सुमारास त्यांनीच जीन्ससारख्या कपड्यांना, एकेका पीसला टॅग लावायला घेतले. एका खोक्यात २४ साबण सारखेच असतात, २४ जीन्स सारख्या नसतात, म्हणून तिथे ते टिकलं. तुमच्या दुकानातही हाच निकष लावा: ज्या मालात साइझ आणि रंगांची गुंतागुंत जास्त, तिथे टॅग पहिला.

म्हणजे कुर्ती, जीन्स, शर्ट-ट्राउझर, मुलांचे कपडे. तुमच्या १२ हजारांत हे ५ हजारांच्या आसपास असतील असा माझा अंदाज. ताक्याचं कापड सोडून द्या. टॅग पीस मोजतो, मीटर मोजत नाही. ताक्यात ४० मीटर उरलं की ४, त्याला काही कळत नाही. टॉवेल, बनियन, लेगिंग, रुमाल हे बारकोडवरच राहू द्या. तुमच्यासारख्या खरेदीत छापील लेबल-टॅग ७ रुपयांच्या आसपास पडेल असं धरा. ९० रुपयांच्या लेगिंगला तो म्हणजे नफ्याला भोक. टॅग विक्री किमतीच्या दीड टक्क्याच्या आत बसला पाहिजे असा माझा हिशेब असतो, म्हणजे साडेचारशे-पाचशे रुपयांच्या खालच्या वस्तूला नाही.

साड्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या सासऱ्यांना नक्की पडेल. रोजच्या वापराच्या साड्या प्रत्येक वेगळी, साइझचा प्रश्नच नाही, आणि सासऱ्यांसारखा माणूस त्या डोळ्यांनी ओळखतो. तिथे टॅगची घाई नको. वर तांत्रिक अडचणीही आहेत. या लहरींना धातू परतवतो आणि पाणी शोषून घेतं. खऱ्या जरीत धातूची तार असते आणि हल्लीच्या स्वस्त जरीत प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा पातळ थर, दोन्हींचा त्रास होतो. जरीच्या पदराच्या घडीत टॅग खुपसला तर तो हमखास गप्प बसतो. साड्यांचा दाबून बसवलेला थर असेल आणि सगळे टॅग एकावर एक, मिलिमीटरच्या अंतराने आले, तर ते एकमेकांना बिघडवतात. लोखंडी कपाट बंद असेल तर आतलं काहीच बाहेर येत नाही. पैठणी, शालू, घागरे, शेरवानी अशा महाग मालाला टॅग लावायचाच असेल तर दोरीने बाहेर लोंबता बांधा, एकाचा डावीकडे, पुढच्याचा उजवीकडे, आणि पुन्हा वापरता येईल असा घ्या. बिल झालं की काढायचा, डब्यात टाकायचा, नव्या पीसला बांधायचा. झारा चालवणाऱ्या इंडिटेक्स कंपनीने २०१४ च्या सुमारास हाच मार्ग धरला: चोरी रोखायच्या प्लास्टिक टॅगमध्येच चिप बसवली आणि तेच टॅग फिरवून वापरले.

मोठ्या साखळ्यांचं उदाहरण मात्र जपून घ्या. डेकॅथलॉनमध्ये टोपलीत कपडे टाकले की बिल तयार होतं, युनिक्लोतही तेच, आणि ते पाहून आपल्याकडचे दुकानदार गेटच्या मागे लागतात. या कंपन्या बहुतेक स्वतःचाच माल विकतात, त्यामुळे टॅग कारखान्यातच लागून येतो. तुम्ही भिवंडी, सुरत, दादर, उल्हासनगर असा पाच-पंचवीस व्यापाऱ्यांकडून माल उचलता. टॅग लावायचं काम तुमच्या दुकानातल्या मुलींवर येणार. एका पीसला अर्धा मिनिट धरा: सील फोडा, बारकोड मारा, टॅग जोडा, बांधा. ५ हजार पीसना ४० तासांच्या वर लागतात, म्हणजे एका माणसाचे पाच-सहा दिवस. पुढे रोज येणाऱ्या मालाला रोजचं काम. हे कुणी करायचं ते आधी ठरवा, यंत्र नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्यावर मी पुरवठादारांशी कायम भांडतो. टॅगमध्ये लिहिलेला नंबर प्रत्येक पीसचा वेगळा असला पाहिजे. बारकोडमध्ये एका डिझाइन-साइझ-रंगाला एक नंबर असतो आणि दहा पीसना तोच छापला तरी चालतं. टॅगमध्ये तोच नंबर दहा जणांना दिला तर रीडर म्हणतो 'एक'. त्याच्या लेखी तो एकच टॅग दहा वेळा बोलतोय. म्हणून वस्तूचा नंबर अधिक त्या पीसचा अनुक्रमांक, अशी रचना लागते. बारकोडचे नंबर ठरवून देणाऱ्या जीएस१ या आंतरराष्ट्रीय संस्थेची ९६ बिटांची पद्धत यासाठीच आहे. तुमच्याकडे जीएस१ इंडियाचे ८९० ने सुरू होणारे स्वतःचे नंबर नसतील तर दुकानापुरती स्वतःची पद्धतही चालते. लेबल छापून घेताना आणखी एक करा: जो अनुक्रमांक चिपमध्ये, तोच बारकोड म्हणून त्याच लेबलवर. मग काउंटरवर काही बदलावं लागत नाही. नेहमीच्या स्कॅनरने लेबल मारलं की नेमका तोच पीस विकला गेल्याची नोंद होते आणि पुढच्या मोजणीत तो हरवलेला म्हणून दिसत नाही. टॅग छापायचा प्रिंटर सुरुवातीला विकत घेऊ नका. आधीच नंबर घातलेले रोल मिळतात.

मोजणी प्रत्यक्षात कशी करायची ते थोडं सविस्तर सांगतो, कारण यंत्र आणून ठेवलेली आणि मोजणी सोडलेली दुकानं मी पाहिली आहेत. दुकान उघडायच्या आधीची वेळ धरा, मंगळवार-बुधवारसारखा शांत दिवस. रीडरची ताकद कमी-जास्त करता येते. पूर्ण ताकदीवर ठेवली तर भिंतीपलीकडच्या गोदामातले आणि वरच्या माळ्यावरचे टॅगही मोजले जातात आणि रॅकवर नसलेला माल रॅकवर 'सापडतो'. म्हणून रॅक मोजताना ताकद उतरवा, गोदाम वेगळं मोजा. हँगरच्या रांगेपासून हातभर अंतर ठेवून सावकाश चाला, रीडर वर-खाली फिरवा आणि मनगट आडवं-उभं करा, कारण टॅगची अँटेना ज्या दिशेला असेल त्या दिशेने तो जास्त चांगला ऐकतो. मध्ये माणूस उभा राहू देऊ नका, शरीरात पाणीच जास्त. एकदा वाचलेला टॅग थोडा वेळ गप्प राहतो, तशी सोय रीडरमध्ये असते. ती चालू आहे ना ते पुरवठादाराकडून बघून घ्या, नाहीतर पुढचे टॅग मागच्यांच्या गोंगाटात हरवतात. पडद्यावरचा आकडा वाढायचा थांबला की थांबा आणि फरकाची यादी काढा.

ती यादी हातात आल्यावर खरं काम सुरू होतं. समजा, यादीत अकरा पीस कमी आले. रीडरमध्ये एकेक नंबर शोधायची सोय असते, जवळ गेलं की बीप जलद होत जातो. असं शोधताना माल कुठे निघतो? दर्शनी पुतळ्याच्या अंगावर, ट्रायल रूमच्या खुंटीवर, लहान मुलांच्या फ्रॉकच्या रांगेत घुसलेला मोठ्यांचा टॉप, शिलाई मशीनच्या खालच्या पिशवीत. कणकवलीच्या एका दुकानात महिनाभर 'संपली' म्हणून सांगितलेली मरून कुर्ती काउंटरखाली, उधारीच्या वहीच्या मागे घडी करून ठेवलेली निघाली. कुणा वहिनींनी 'ठेवून द्या, येते' म्हणून सांगितलं होतं. अकरातले आठ असे मिळतात. उरलेले तीन पसंतीला गेलेत, खेडला गेलेत की खरंच गेलेत, हे त्याच आठवड्यात विचारलं तर लोकांना आठवतं. मार्चमध्ये विचारलं तर कुणालाच आठवत नाही. आठवड्याच्या मोजणीचं सगळं मोल इथे आहे.

यादीत कधी अनोळखी नंबरही येतील. ब्रँडेड मालाला कंपनीचा टॅग आधीच असू शकतो, गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या शर्टात तसाच राहिलेला असू शकतो. सॉफ्टवेअरने आपल्या नंबरमालिकेखेरीज बाकीचे बाजूला टाकले पाहिजेत. कोटेशन घेताना हे विचारा.

आता खारी हवा. टॅगला तिचा फारसा त्रास नाही. अँटेना दोन थरांत बंद असते आणि दुकानात पीस काही महिनेच राहतो. त्रास होतो तो यंत्राच्या उघड्या धातूला: रीडरच्या चार्जिंगच्या पिना, केबलची टोकं, नेटवर्कचे सांधे. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यालगतच्या दुकानांत या पिनांवर हिरवा थर चढलेला नेहमी दिसतो. रीडर रात्री बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पिना आठवड्याला कोरड्या कापडाने पुसा. दारात बसणारे गेट आणि भिंतीवरचे रीडर इथे मला नको वाटतात त्याचं हेही एक कारण आहे.

दमट हवेचा परिणाम मात्र मोजणीवर होतो आणि तो कापडावर अवलंबून असतो. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, सुती कापड आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. आषाढ-श्रावणातली आपली हवा त्याहून किती ओली असते ते तुम्हाला सांगायला नको. जाड सुती जीन्सचा उंच थर पावसाळ्यात उन्हाळ्यापेक्षा कमी अंतरावरून वाचला जातो. उपाय सोपा आहे, थर लहान ठेवा आणि टॅग कडेला बाहेर येऊ द्या. ट्रान्सपोर्टने आलेला ओलसर गठ्ठा लगेच मोजू नका, फोडून पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी इनवर्ड करा. लाइट गेली तरी हातातला रीडर बॅटरीवर चालतो. फक्त नेट नसताना मोजून नंतर आकडे चढवता येतात ना, याची खात्री करा. निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे वीज किती दिवस नव्हती ते आठवा.

चिपळूणच्या माणसाशी पुराबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माल गेलाच, पण पाठोपाठ किती माल होता हे दाखवायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. विमा कंपनी स्टॉक स्टेटमेंट मागते. वह्या आणि संगणक दोन्ही खालच्याच गाळ्यात असतील तर तुमच्या शब्दापलीकडे काही उरत नाही. आठवड्याची मोजणी तारखेसह बाहेरच्या सर्व्हरवर, नाहीतर किमान ईमेलमध्ये जात असेल, तर १५ जुलैला दुकानात नेमका कोणता माल होता हे कागदावर येतं. जीएसटीतही याचा संबंध येतो: सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, आधी घेतलं असेल तर परत करावं लागतं. त्यामुळे नेमका कोणता माल गेला याचा हिशेब तुमच्या सीएंनाही लागतो. पाणी चढताना माल भराभर माळ्यावर नेला जातो, तेव्हा काय वर गेलं आणि काय खाली राहिलं हेही नंतर रीडर घेऊन माळ्यावर चढलं की कळतं. माझ्या दृष्टीने चिपळूणसाठी एवढं एक कारणही रीडर घ्यायला पुरेसं आहे.

दोन दुकानांमधली ने-आण ही तुमची दुसरी दुखरी जागा. एकाच राज्यात, एकाच जीएसटी नंबरखाली माल हलवताना कर लागत नाही, पण डिलिव्हरी चलन लागतं. गठ्ठा बांधला की त्यावर रीडर फिरवा, चलन त्या यादीवरूनच निघू द्या, आणि खेडला पोचल्यावर पुन्हा फिरवा. सुरुवातीला एकच रीडर असेल तर खेडला बारकोडने तपासा, चालेल.

गेट का नको? लोक ते चोरीसाठी घेतात. टॅग अंगाशी घट्ट धरला किंवा लेबल तोडून खिशात घातलं तर गेटला काही कळत नाही, आणि अरुंद दारात शेजारच्या रॅकवरचे टॅग वाचून ते उगाच ओरडत राहतं. चोरीचाच प्रश्न मोठा असेल तर साधे पिन काढायचे प्लास्टिक टॅग आणि त्यांचं वेगळं गेट स्वस्तात मिळतं. आधी मोजणीतून कळू द्या, की माल खरंच चोरीला जातोय की नोंदीत हरवतोय.

रीडर घेताना एक गोष्ट तपासाच. आपल्याकडे या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना मोकळा आहे, पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. अमेरिकेत ९०२ ते ९२८ चा पट्टा चालतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे कित्येक रीडर अमेरिकन पट्ट्यावर लावलेले असतात, आणि तो पट्टा आपल्याकडच्या मोबाइल सेवेच्या लहरींवर येतो. असं यंत्र इथे वापरणं बेकायदा आहे. बिलावर वारंवारता लिहून घ्या आणि दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची (वायरलेस लहरींचं काम बघणारा विभाग) ईटीए, म्हणजे त्या यंत्राच्या प्रकाराला मिळालेली मंजुरी, मागा. प्रामाणिक पुरवठादार ती लगेच देतो.

खर्चाचा अंदाज: हातातला चांगला रीडर लाख ते सव्वा-दीड लाख, ५ हजार लेबलांचे ३५ हजार, सॉफ्टवेअरचे वर्षाला वीस-तीस हजार. म्हणजे पावणेदोन-दोन लाखांत सुरुवात होते आणि पुढे जितके पीस विकाल तितकी लेबलं लागत राहतात. भाव तुमच्या नगांवर आणि घासाघिशीवर हलतील. साडेसात लाखांतले उरलेले पाच-साडेपाच लाख सासऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे गणपतीच्या मालात घाला, ते तिथे जास्त कमावतील.

यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर ठरतं. तुमच्याकडे साड्या आणि ताकेच जास्त असतील, रेडिमेड दोन हजार पीसही नसेल, तर मी आरएफआयडी सुचवणार नाही. त्यापेक्षा बारकोडने रोज एक रॅक मोजायची शिस्त लावा, महिन्यात दुकान पुरं होतं. नोकर सतत बदलत असतील तर मोजणीची जबाबदारी तुम्ही स्वतः घ्यावी लागेल. आणि पसंतीला देणं बंद करा असं मी म्हणणार नाही, आपल्याकडचा धंदा त्यावरच चालतो. त्यासाठी काउंटरवर एक वेगळा खाना करा: पीस बाहेर जाताना लेबल मारायचं, नाव-फोन टाकायचा, परत आला की पुन्हा मारायचं.

वेळ विचाराल तर चाकरमानी येऊन जाऊ द्या, दसरा-दिवाळीचा लोंढा ओसरू द्या, आणि त्यानंतरच्या शांत दिवसांत टॅग लावायला घ्या. त्याआधी एक काम मात्र पावसाळ्यातच करून घ्या. पुरवठादाराला म्हणा, विकायच्या आधी रीडर घेऊन चिपळूणला या. दोनशे पीसना टॅग लावा: हँगरवरच्या कुर्त्या, जीन्सचा थर, लोखंडी रॅकवरचे शर्ट, थोड्या जरीच्या साड्या. त्यातले वीस तुम्ही त्याच्या नकळत माळ्यावर आणि गोदामात नेऊन ठेवा. मग त्याला रॅक मोजायला सांगा, एकदा सकाळी आणि एकदा मुसळधार पाऊस चालू असताना. १८० च्या जवळ आकडा आला आणि माळ्यावरचे त्यात मिसळले नाहीत, तर पुढे बोला. जो यायलाच तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

तुम्ही बिलिंगला कोणतं सॉफ्टवेअर वापरता ते लिहिलेलं नाही. त्यात प्रत्येक पीसचा वेगळा अनुक्रमांक ठेवायची सोय आहे का आणि साठ्याची यादी एक्सेलमध्ये काढता येते का, एवढं बघून कळवा. पहिली सोय नसेल तर सॉफ्टवेअर बदलायचं की टॅगचा हिशेब वेगळा ठेवून रोज रात्री जुळवायचा, हे आधी ठरवावं लागेल, आणि त्याप्रमाणे खर्चाचा आकडाही बदलेल.